हैबतीचं पक्कं बांधकाम

हैबती उतेकर हुशार होता, याबद्दल करंजफाट्यात कुणालाच शंका नव्हती. अडचण एवढीच की त्याची हुशारी नेहमी मागच्या गाडीनं यायची. हे तो स्वतःच सांगायचा, चहाच्या टपरीवर, चार माणसं जमली की. लोक हसायचे, तोही हसायचा, आणि चहाचे पैसे दुसराच कुणीतरी द्यायचा. वेळेवर आलेली त्याची हुशारी एवढीच.

करंजफाटा म्हणजे महाडकडून पोलादपूरला जाताना महामार्गाला चिकटून वाढलेलं गाव. आंबेनळी घाटाच्या अंगाला असलेल्या डोंगरवाड्यांतल्या बायका मंगळवारी इथंच उतरतात. तूप, कोंबड्या, पावसाळ्यात रानभाज्या, असला माल घेऊन रस्त्याकडेला दिवसभर बसतात. अलीकडे गावाची नगरपंचायत झाली. म्हणजे कचरा होता तिथंच राहिला, फक्त तो उचलला जात नाही म्हणून तक्रार कुठं करायची ते नक्की झालं.

महामार्ग चौपदरी व्हायचा होता तेव्हाची गोष्ट सांगितल्याशिवाय हैबती कळायचा नाही. मोजणीवाले पहिल्यांदा आले ते त्याच्याच जमिनीत. हैबती लगेच पेटला. बापजाद्यांची जमीन, इंच देणार नाही, म्हणत त्यानं मोर्चा काढला, महाडला जाऊन निवेदन दिलं, एकदा तर मोजणीच्या खुंटीवर बसून राहिला. एवढं केल्यावर रस्ता खरंच सरकला आणि शेजारच्या कोंडाजीच्या रानातून गेला. कोंडाजीनं अवाक्षर काढलं नाही. त्याला जमिनीचा मोबदला मिळाला, आंब्यांचा मिळाला, विहिरीचा, गोठ्याचा आणि गोठ्यामागच्या शोषखड्ड्याचासुद्धा वेगळा मिळाला. आज कोंडाजीचं घर दुमजली आहे आणि गच्चीवर चढला की त्याला हैबतीची वाचलेली जमीन अगदी स्पष्ट दिसते.

तेव्हापासून हैबतीनं कानाला खडा लावला. मोजणीवाला दिसला की त्याला हाकलायचं नाही. त्याला बसवायचं, चहा पाजायचा, आणि आपल्या जमिनीवर जेवढं जास्त दिसेल तेवढं दाखवायचं. त्या पट्ट्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याला महामार्गानं एवढं शहाणपण शिकवलंच होतं. लोकांनी रातोरात आंब्याची रोपं खोचली होती, पत्र्याच्या शेडी ठोकल्या होत्या, काहींनी तर पडक्या गोठ्याला रंग दिला होता.

म्हणून दोन वर्षांपूर्वी बाजारात टेप धरलेली दोन माणसं आणि त्यांच्यासोबत हातात टॅब घेतलेला एक पोरगेलासा इंजिनिअर दिसला, तेव्हा हैबतीनं टपरीवरचा चहा अर्धवट ठेवला. टपरीवाला म्हणाला, "मोजणी चाललीय. दोन दिवसांनी तुझ्या प्लॉटाकडं येतील." कसली मोजणी, हे हैबतीनं विचारलं नाही. मोजणी म्हणजे रस्ता, रस्ता म्हणजे मोबदला, त्यात विचारायचं काय?

हैबतीचा प्लॉट बाजाराला लागून होता, एसटी थांब्याच्या समोर. वडिलांनी कधी काळी घेतलेला, करवंदीच्या जाळ्यांनी भरलेला, वर्षानुवर्षं रिकामा. तो प्लॉट हैबतीनं मनात रितेशसाठी ठेवला होता. रितेश त्याचा एकुलता एक मुलगा. तळोज्याला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाकी होता, बायको आणि लहान मुलगी घेऊन एका खोलीत राहत होता. गावी येऊन खानावळ टाकायची असं त्याच्या डोक्यात होतं, आणि हैबतीच्या डोक्यात तर दुसरं काही नव्हतंच. नात घरी यावी, अंगणात आरडाओरडा व्हावा, म्हातारपणी जेवताना समोर कुणीतरी असावं, एवढीच त्याची इच्छा होती. पण सरकार रस्त्यासाठी थोडी पट्टी घेऊन भरघोस पैसे देणार असेल तर त्याच पैशात खानावळ उभी राहील, असा त्यानं हिशेब केला. तो तडक महिपती गवंड्याकडे गेला.

"महिपती, दोन दिवसांत उभं राहील असं पक्कं बांधकाम कुठलं रे?"

महिपतीनं विडी बाजूला ठेवली. "संडास."

"संडास?"

"चार भिंती, वर पत्रा. दोन जोडून बांधू, म्हंजे मोठं दिसंल. भांडी बसवायची का नुस्तं बाहेरनं दाखवायचं?"

"दाखवायचंच हाय. खड्डाबिड्डा नको."

"कोंडाजीच्या खड्ड्याचे येगळे पैसे धरले होते," महिपती म्हणाला.

हैबतीच्या डोळ्यांसमोर कोंडाजीची गच्ची आली. "मग कर खड्डा. मोठा कर. आणि भांडीपण बसव."

दोन दिवसांत करवंदीच्या जाळ्या तोडून तिथं सिमेंटच्या विटांच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या. धंद्याच्या जागेला दर जास्त मिळतो हे हैबतीला कोंडाजीकडून कळलं होतं. त्यानं पाट्या रंगवणारा बोलावला आणि एका दारावर "महिला" आणि दुसऱ्यावर "पुरुष" असं लाल अक्षरात लिहून घेतलं. मग जरा लांब जाऊन पाहिलं. आयुष्यात आपण काहीतरी बांधलं, असं त्याला वाटलं, आणि लगेच काय बांधलंय हे आठवून हसूही आलं.

टॅबवाला इंजिनिअर आला. त्याचं नाव विनोद. सरळ मुलगा होता, कागदावर जे असतं तेच जगात असतं असं मानणारा.

"काका, हे खासगी आहे की सार्वजनिक?" त्यानं विचारलं.

हैबतीनं मनातल्या मनात दोन्ही शब्द तोलले. खासगी म्हणजे घरचा संडास, त्याला कोण काय देणार? "सार्वजनिक!" तो छाती काढून म्हणाला. "एकदम सार्वजनिक. सगळा बाजार इथंच येतो, सायेब."

"कधीपासून?"

"आमच्या वडलांच्या वेळंपासून."

विनोदनं ओल्या सिमेंटकडे पाहिलं, मग हैबतीच्या तोंडाकडे पाहिलं. "नवीन बांधलंय वाटतं."

"नूतनीकरण केलंय," हैबती म्हणाला. हा शब्द आपल्याला कसा सुचला याचं त्याला पुढं कित्येक दिवस कौतुक होतं. विनोदनं टॅबवर नोंद केली आणि हैबतीला दोन दारांच्या मधोमध उभं करून फोटो काढला. हैबतीनं टोपी सरळ केली होती.

मग मोबदल्याची वाट पाहणं सुरू झालं. पत्र येईना. दरम्यान एका मंगळवारी हैबती बाजारातून येत होता तर "महिला" लिहिलेल्या दारासमोर तीन-चार बायका उभ्या. पाट्या-टोपल्या बाजूला ठेवलेल्या, पदर डोक्यावर. पुढच्या मंगळवारी जास्त होत्या. हैबतीला राग यायला हवा होता, पण त्याच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. वापर दिसला तर पुरावा पक्का होईल. त्यानं घरचा निळा पिंप नेऊन तिथं ठेवला, एक डबा ठेवला, आणि मंगळवारी सकाळी बायकोला, गोदूबाईला, पाणी भरायला लावलं. गोदूबाईनं एक शब्द न बोलता पाणी भरलं. ही बाई एवढ्या मुकाट्यानं आपलं कधी ऐकते का, असा विचार त्याच्या मनात आला नाही. तो विचारही मागच्या गाडीनं यायचा होता.

अखेर एक दिवस नगरपंचायतीच्या भिंतीवर भलामोठा नकाशा लागला. पिवळा, निळा, हिरवा, नाना रंग. अख्खा गाव लोटला. हैबती दहावी पास, म्हणून लोकांनी त्यालाच पुढं घातलं. तो बोट फिरवत सांगू लागला. हे तुझं घर, पिवळ्यात. हे तुझं दुकान, निळ्यात. हे बघा, आबाजीच्या शेतात पोरांचं मैदान टाकलंय! सगळे हसले. आबाजी बिचारा खाली बसला. हैबतीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून "सार्वजनिक कामाला माणसानं नाय म्हणू नये" असं मोठ्या आवाजात सांगितलं. मग त्याचं बोट एसटी थांब्यासमोर आलं आणि तिथंच थांबलं. त्याच्या अख्ख्या प्लॉटावर तिरक्या रेघा होत्या आणि बाजूला लिहिलेलं होतं: आरक्षण, सार्वजनिक स्वच्छतागृह व बाजार सुविधा.

"वाच की, हैबती," मागून कोंडाजी म्हणाला. "मोठ्यानं वाच."

कारकुनानं त्याला समजावून सांगितलं. हा रस्ता नव्हता, हा शहराचा विकास आराखडा होता. घरं कुठं, दुकानं कुठं, बाग कुठं, स्मशान कुठं, हे पुढच्या वीस वर्षांसाठी ठरवायचं. आधी गावात कुठं काय आहे याची पाहणी केली, आणि जिथं जी सुविधा सापडली तिथं ती वाढवायची ठरली. बाजाराजवळ एकच स्वच्छतागृह सापडलं. तेच धरलं.

"मग घेणार कधी जमीन?"

"ते सांगता येत नाही."

"पैशे?"

"घेतील तेव्हा."

"आन् तोवर?"

"तोवर तिथं दुसरं काही बांधता येणार नाही," कारकून म्हणाला.

खानावळीचे पैसे येतील असं बापानं सांगितल्यामुळं रितेशनं कँटीनला राजीनामा दिला होता. खोली सोडायची तारीख मालकाला सांगून झाली होती. खानावळीचा नकाशा परवानगीसाठी दाखल झाला होता, तो आता परत येणार हे उघड होतं. हैबतीनं फोन केला. सगळं सांगितलं.

"बाबा, एक सांगा," रितेश म्हणाला. "तुम्ही रिकाम्या प्लॉटवर टॉयलेट बांधलं. का?"

"मोबदल्यासाठी रे. रस्ता येनार असं वाटलं."

"कुणाला विचारलं?"

"विचारायचं काय त्यात?"

"ठीक है," रितेश म्हणाला. तो चिडला की हिंदीत बोलायचा. "अब क्या करनेका, बोलो."

हरकत घ्यायची असं ठरलं. महिन्याभरात लेखी हरकत द्यायची, मग सुनावणी. कोंडाजीनं मोफत सल्ला दिला. त्याचे सगळे सल्ले मोफतच असत, त्याला आता पैशाची गरज नव्हती. "ते सार्वजनिक न्हाय, बंद पडलंय, कुणी वापरीत न्हाय, असं सांग. कुलूप घाल. वापर न्हाय म्हंजे सुविधा न्हाय, सुविधा न्हाय म्हंजे आरक्षणाला आधार न्हाय." हैबतीला हे एकदम पटलं. त्यानं पितळी कुलूप आणलं, दोन्ही दारांना बाहेरून कड्या होत्याच, महिलांच्या दाराला ठोकलं आणि छाती पुढं काढून घरी आला.

मंगळवारी भर दुपारी राहीबाई त्याच्या दारात उभी राहिली. वरच्या वाडीची, गुरं राखणारी, साठी ओलांडलेली. डोक्यावरची पाटी उतरवून ठेवत तिनं हाक मारली, "हैबतीदादा, कुलूप लागलंय बघा दाराला. चुकून लागलंय जनू."

हैबती ओटीवर बसला होता. किल्ली त्याच्या खिशात होती. आरक्षण, हरकत, वापर, सगळं ओठांवर आलं होतं. राहीबाई एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती.

"चुकूनच लागलं गो," तो म्हणाला आणि किल्ली काढून दिली.

किल्ली परत आली नाही. ती म्हणे, राहीबाई गेली तरी बाजारातच राहायची, कधी हिच्या कनवटीला, कधी तिच्या. हैबतीनं मागायचं ठरवलं आणि दर मंगळवारी विसरला. लोकांना तो सांगायचा, "माझ्या मालकीचं कुलूप, त्याची किल्ली सगळ्यांकडं हाय, फक्त माझ्याकडं नाय. ह्याला म्हनत्यात सार्वजनिक." लोक हसायचे. चहा यायचा. पण आता तो चहा त्याला पूर्वीसारखा गोड लागत नव्हता.

नगरपंचायतीच्या हॉलमधली सुनावणी नेमकी मंगळवारी आली. रितेश आदल्या दिवशीच तळोज्याहून आला होता. इस्त्रीचा शर्ट घालून तो बापाच्या शेजारी बसला. रात्री दोघांनी मिळून काय बोलायचं ते ठरवलं होतं. आता खोटं चालणार नव्हतं, खरंच बोलायचं होतं: साहेब, ते बांधकाम मी मोबदल्याच्या आशेनं उभं केलं, ते कधीच सार्वजनिक नव्हतं, माझी लबाडी झाली, नोंद रद्द करा. हैबतीनं ते दहा वेळा म्हणून पाहिलं होतं. अख्ख्या गावासमोर स्वतःला लबाड म्हणवून घ्यायचं होतं, पण त्याला त्यात विशेष काही वाटत नव्हतं. गाव हसेल. गाव तसंही हसतच होतं.

समितीच्या मधल्या खुर्चीवर नगररचनेच्या गौतमी मॅडम होत्या. त्यांनी फाइल उघडली आणि पहिल्यांदा फोटो वर काढला. दोन दारांच्या मधोमध टोपी सरळ केलेला हैबती, दात काढून हसणारा. हॉलमध्ये खसखस पिकली. मॅडमही किंचित हसल्या.

"हे तुम्हीच ना?"

"मीच. बांधकामपण माझंच."

"तुमची हरकत आहे की ही सार्वजनिक सुविधा नाही. पाहणीच्या वेळी तुम्हीच सार्वजनिक आहे असं सांगितलं होतं."

"तेच तर सांगायचं हाय, मॅडम," हैबती उठला. त्यानं घसा साफ केला. रितेशनं त्याच्याकडे मान हलवून धीर दिला. "त्याचं असं झालं..."

तेवढ्यात दारात गडबड झाली. बाजारातून सात-आठ बायका आत आल्या, पाट्या बाहेर ठेवून, पदर सावरत. पुढं राहीबाई होती. आणि तिच्या मागं, कधी नव्हे ती नवी साडी नेसून, गोदूबाई होती.

"आमाला कळलं, संडासाबद्दल बोलनं चाललंय," राहीबाई म्हणाली. "आमी बोलाय आलो. बोलू का, बाय?"

गौतमी मॅडमनी मान हलवली.

"ह्या दादांनी ते बांधलं. मी तीस वरसं ह्या बाजाराला येते. पहाटे घर सोडायचं, सांजच्याला घर गाठायचं, तवर पान्याचा थेंब प्यायचा नाय. प्यालं तर जायाचं कुठं? रस्ता नवा झाला, झाडंबी गेली. उन्हाळ्यात चक्कर यायची. लोकांला वाटायचं, म्हातारी झाली. आता पानी पिते मी. बाजारात बसून तांब्याभर पिते." मग आठवल्यासारखं म्हणाली, "आतनं कडी नाय त्याला, तेवढं बघा. बाहेरनंच हाय. एक जन आत गेली की दुसरीला दार धरून उभं ऱ्हावं लागतं. बाकी झ्याक हाय."

आतून कडी नव्हती. हैबतीला हे आज कळत होतं. कशी असणार? ते बांधकाम फक्त बाहेरून बघायच्या माणसासाठी होतं. त्याची मान खाली गेली.

"तुम्ही कोण?" मॅडमनी गोदूबाईला विचारलं.

"ह्यांची मंडळी," गोदूबाई म्हणाली. ती मॅडमकडे पाहत नव्हती, हैबतीकडे पाहत होती. "लग्न होऊन आल्यापासून मीपन वांगी घेऊन बसले ह्या बाजारात. हा रितेश पोटात होता तवापन. दिवसभर दाबून ठेवायचं. दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हा ह्यांनी डाक्टरला सांगितलं, उष्णता झालीय." कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. "आन् तो प्लॉट आमचाच होता. समोरच होता. मला कधी सुचलं नाय, आन् ह्यांनापन सुचलं नाय. ह्यांनी कशासाठी बांधला ते मला ठाव हाय. पन बांधला."

हैबतीला वाटलं, आता आपल्याला हसावं, कुणीतरी हसावं. कुणी हसेना. इतकी वर्षं शेजारी जेवणाऱ्या, झोपणाऱ्या बाईला दिवसभर तहान मारावी लागते हे आपल्याला माहीत नव्हतं, आणि आपण चहाच्या टपरीवर बसून स्वतःच्या हुशारीचे किस्से सांगत होतो. त्याला स्वतःची लाज वाटली, खरीखुरी, जिच्यावर चहा मिळत नाही अशी.

"उतेकर," गौतमी मॅडम म्हणाल्या, "बाकीचं राहू द्या. मला एवढंच नोंदवायचंय. स्वच्छतागृह वापरात आहे की नाही?"

त्यानं रितेशकडे पाहिलं. रितेशचे डोळे सांगत होते, बोला बाबा, ठरलंय तसं बोला. पोराचा राजीनामा गेलेला, खोली सुटत आलेली, नातीच्या शाळेचा दाखला काढून ठेवलेला. त्यानं गोदूबाईकडे पाहिलं. ती फक्त उभी होती, आणि तिची नजर त्याला त्या क्षणी कोर्टासारखी वाटली नाही, उलट ती वाट बघत होती असं वाटलं. इतकी वर्षं ती अशीच वाट बघत असेल, हे त्याला पहिल्यांदा कळलं.

"वापरात हाय, मॅडम," हैबती म्हणाला.

"मग हरकत?"

"नाय. हरकत नाय."

रितेश उठला. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. तो बापाच्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "मी निघतो." आवाज चढवला असता तर हैबतीला बरं वाटलं असतं. तो निघून गेला आणि हैबती पुढच्या माणसाला जागा देत मागं सरकला.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. बायका आपापल्या पाट्यांकडे गेल्या. राहीबाईनं जाता जाता त्याच्या हातात तुपाची लहान बरणी कोंबली आणि तो नाही नाही म्हणत असतानाच निघून गेली. गोदूबाई त्याच्या बरोबरीनं चालत होती. एरवी ती चार पावलं मागं चालायची. बाजारात पोचल्यावर ती "महिला" लिहिलेल्या दाराशी थांबली.

"धरा," ती म्हणाली.

"काय?"

"दार. आतनं कडी नाय. मघाशी ऐकलं नाय का?"

"मी? भर बाजारात?"

"मग कोन धरंल? सगळ्याजनी गिऱ्हाइकात हाईत." ती आत गेली आणि दार ओढून घेतलं.

हैबती दाराला पाठ लावून, बरणी काखेत धरून उभा राहिला. समोरून बाजार जात होता. कोंडाजी गच्चीवर असेल तर बघतच असेल, आणि नसेल तर आत्ता चढेल, असं त्याला वाटलं. दोन जण हसले. त्यानं नेहमीप्रमाणे काहीतरी विनोदी बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

मग त्याला समोर एसटी थांब्यावर रितेश दिसला. खांद्याला पिशवी, मान खाली, मोबाइलमध्ये बघत. सकाळपासून पोरानं काही खाल्लेलं नव्हतं. घरी गोदूबाईनं भाकऱ्या थापून ठेवल्या होत्या, मासे आणले होते, सुनावणी संपल्यावर तिघांनी बसून जेवायचं म्हणून. निदान जेवून तरी जा, एवढंच त्याला सांगायचं होतं. बाकी काही सांगण्यासारखं त्याच्याकडे नव्हतं. महाडकडे जाणारी एसटी वळण घेऊन आली.

"रितेश!" हैबती ओरडला. "अरे रितेश!"

एसटीच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार? रस्ता ओलांडला की वीस पावलांवर पोरगं होतं. हैबती एक पाऊल पुढं झाला आणि त्याच्यामागे वाऱ्यानं दार उघडलं.

"अवो! दार!" आतून गोदूबाई किंचाळली.

त्यानं झटकन मागं येऊन दार लोटलं आणि दोन्ही हातांनी धरलं. "गोदू, लवकर गो. रितेश चाललाय."

आत डबा वाजला. मग पाण्याचा आवाज. "जरा थांबा," गोदूबाई आतून म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे इतका निवांत होता. "तुमी हाव ना तिथं?"

हैबतीनं एसटीकडे पाहिलं. रितेश चढला होता. खिडकीशी बसता बसता त्याची नजर बाजारावर गेली आणि मग बापावर थांबली. दाराला दोन्ही हातांनी धरून उभा असलेला बाप. रितेश हसला की काय, इतक्या लांबून दिसलं नाही. हैबतीला एक हात वर करायचा होता. त्यानं उचललाही, पण वारा आला आणि हात परत दारावर गेला. कंडक्टरनं घंटी दिली. गाडी महाडच्या रस्त्याला लागली आणि दिसेनाशी झाली.

"हाव," हैबती म्हणाला. "इथंच हाव मी."

मागून पावलं वाजली. राहीबाईच्या वाडीची एक बाई पाटी खाली ठेवून त्याच्या शेजारी उभी राहिली, पदर तोंडाला लावून, जराशी लाजत.

"दादा, वहिनींच्या मागनं माजा नंबर," ती म्हणाली. "तुमी थांबनार ना?"

"जा तू," हैबती म्हणाला. "मी धरतो."